सतरा इंचांचा वाद

बेसबॉलच्या एका सामन्यात साधारण तीनशे चेंडू टाकले जातात. त्यांपैकी जवळपास निम्म्या चेंडूंवर बॅटर बॅट फिरवतच नाही, आणि अशा प्रत्येक चेंडूवर होम प्लेटमागे वाकून उभ्या असलेल्या पंचाला त्याच क्षणी निर्णय द्यावा लागतो. चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला असेल तर स्ट्राइक, बाहेरून गेला असेल तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिल्या बेसवर फुकट चाल. क्रिकेटच्या प्रेक्षकाला वाइडचा निर्णय ओळखीचा आहे. तो चुकला तर एका धावेचा आणि एका जादा चेंडूचा फरक पडतो. बेसबॉलमध्ये मात्र सगळा डाव याच निर्णयांवर पुढे सरकतो. एक बॉल, एक स्ट्राइक अशा स्थितीत पुढचा चेंडू स्ट्राइक ठरला तर बॅटर कोंडीत सापडतो, बॉल ठरला तर कोंडीत सापडतो तो चेंडू टाकणारा पिचर. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये प्रेक्षक, खेळाडू आणि मॅनेजर यांचा पंचांवरचा सर्वाधिक राग याच निर्णयांवरून निघतो. २०२४ च्या हंगामात मैदानाबाहेर काढलेल्या दर पाच जणांपैकी सुमारे तिघांना या एकाच विषयावरच्या वादापायी बाहेर जावं लागलं. हा राग खरा आहे आणि त्यामागे भक्कम पुरावाही आहे. पण तो ज्याच्यावर निघतो तो माणूस चुकीचा आहे, असं मला वाटतं. प्लेटमागचा पंच आळशी किंवा अप्रामाणिक असतो म्हणून चौकट हलत नाही. माणसाच्या डोळ्याला न पेलणारं काम त्याच्यावर सोपवलं, त्याच्या चुका वर्षानुवर्षं मोजल्या आणि त्या दुरुस्त करून घ्यायचा मार्ग खेळाडूला मात्र बंद ठेवला, हा दोष लीगचा आहे. २०२६ च्या हंगामासाठी मंजूर झालेली चॅलेंजची पद्धत हा त्यावरचा पहिला खरा इलाज आहे.

आधी ते काम किती अवघड आहे ते पाहू. होम प्लेट १७ इंच रुंद, म्हणजे ४३ सेंटिमीटर. नियमपुस्तकानुसार चौकटीची वरची कड बॅटरचे खांदे आणि पँटची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर आणि खालची कड गुडघ्याच्या वाटीखालच्या खोलगट भागाशी. चेंडूचा कुठलाही अंश या चौकटीच्या कुठल्याही अंशाला लागला तरी तो स्ट्राइक. ही चौकट कुठे आखलेली नसते. ती हवेत असते, तिला प्लेटच्या लांबीइतकी खोली असते आणि प्रत्येक बॅटरच्या उंचीप्रमाणे व उभं राहण्याच्या ढबीप्रमाणे ती बदलते. पिचरची जागा ६० फूट ६ इंच दूर. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू प्लेटपर्यंत यायला सेकंदाच्या चार दशांशांइतका वेळ लागतो, आणि तो सरळ येत नाही. शेवटच्या काही फुटांत तो वळतो किंवा खाली बसतो. पंच प्लेटच्या मधोमध उभा राहू शकत नाही, कारण तिथे चेंडू झेलणारा कॅचर बसलेला असतो. म्हणून तो कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीतून पाहतो. साहजिकच प्लेटची लांबची, खालची कड त्याच्या डोळ्यापासून सर्वांत दूर पडते, आणि अनेक वाद नेमके त्याच कोपऱ्यावरून होतात. एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. नियमाप्रमाणे निर्णय चेंडू प्लेटवरून जाताना कुठे होता यावर द्यायचा असतो, पण डोळ्याला सगळ्यात स्पष्ट दिसतो तो कॅचरच्या ग्लव्हमध्ये थांबलेला चेंडू. या दोन जागांमध्ये काही फुटांचं अंतर असतं.

शिवाय ही चौकट कधीच स्थिर नव्हती. १९६३ मध्ये ती वर खांद्यापर्यंत वाढवली गेली आणि पिचर इतके वरचढ झाले की १९६८ मध्ये बॉब गिब्सनने नऊ इनिंगमागे सरासरी अवघे १.१२ रन दिले, तर मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या संपूर्ण अमेरिकन लीगमध्ये .३०० च्या वर सरासरी राखणारा कार्ल यास्त्रेम्स्की हा एकटाच बॅटर उरला. पुढच्या वर्षी चौकट आवळली, पिचरचा उंचवटाही १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. १९८८ आणि १९९६ मध्ये पुन्हा फेरफार झाले. पण कागदावरच्या या बदलांपेक्षा मैदानावरचा बदल मला जास्त बोलका वाटतो. अमेरिकन लीगचे पंच पूर्वी छातीसमोर फुगीर गादीसारखं मोठं कवच धरून उभे राहत. त्यामुळे त्यांना फारसं वाकता येत नसे, आणि खालचे चेंडू त्यांना नीट दिसत नसत. नॅशनल लीगचे पंच शर्टाच्या आत पातळ कवच घालत आणि खाली वाकून पाहत. परिणामी नियमपुस्तक एकच असूनही एका लीगमध्ये उंच चेंडूला स्ट्राइक मिळे आणि दुसरीत खालच्या. दोन्ही लीगचे पंच २००० मध्ये एका व्यवस्थेखाली आले. त्याआधी बराच काळ चौकट कुठे आहे याचं उत्तर पंचाच्या अंगावर काय आहे यावरही ठरत होतं.

खेळाडूंची आणि प्रेक्षकांची नेहमीची मागणी माफक वाटते. चौकट रुंद धरा किंवा अरुंद, पण दोन्ही संघांना सारखी आणि पहिल्या इनिंगपासून शेवटपर्यंत तीच ठेवा, एवढंच ते म्हणतात. ऐकायला हे अगदी रास्त आहे. पण १२ ऑक्टोबर १९९७ चा मायामीतला सामना या मागणीची मर्यादा दाखवतो. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या लढतीत प्लेटमागे एरिक ग्रेग पंच होते. त्यांनी प्लेटबाहेरच्या चेंडूंना इतक्या सढळ हाताने स्ट्राइक दिले की फ्लोरिडा मार्लिन्सच्या लिव्हान एर्नांडेझने अटलांटा ब्रेव्हजचे १५ बॅटर स्ट्राइकआउट केले. शेवटचा चेंडू फ्रेड मॅकग्रिफच्या बॅटच्या आवाक्याबाहेरून गेला आणि तोही स्ट्राइक ठरला. मार्लिन्सने सामना २-१ असा जिंकला, पुढे मालिका आणि वर्ल्ड सीरिजही. ग्रेग यांच्या बाजूने सांगितलं गेलं की चौकट दोघांनाही तेवढीच रुंद होती. तसं मानलं तरी न्याय झाला असं म्हणता येत नाही, कारण रुंद चौकटीचा फायदा दोन्ही पिचरना सारखा होत नाही. ज्याचा चेंडू बाहेरच्या बाजूला वळतो त्याला ती वरदान ठरते, आणि आत टाकणाऱ्याला तिचा उपयोग नसतो. खुद्द खेळाचा नियमच बाजूला ठेवून केलेली समान वागणूक एखाद्या विशिष्ट शैलीला झुकतं माप देते, आणि ती शैली कोणाकडे आहे हे सामन्याच्या आधीच ठरलेलं असतं.

खरा पेच यापुढे आहे. पंचांच्या चुका विस्कळीत नसतात. गेल्या दोन दशकांत प्रत्येक चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी नोंदला गेला, लाखो निर्णय अभ्यासकांच्या हाती आले, आणि त्या चुकांना आकार आहे असं दिसून आलं. तीन बॉल, शून्य स्ट्राइक अशी स्थिती असली की पंचाची चौकट फुगते. शून्य बॉल, दोन स्ट्राइक असले की ती आक्रसते. म्हणजे ज्या निर्णयाने बॅटरची खेळी तिथेच संपेल तो द्यायला पंचाचं मन धजत नाही, आणि संशयाचा फायदा प्रत्येक वेळी मागे पडलेल्याला मिळतो. एटन ग्रीन आणि डेव्हिड डॅनियल्स यांनी हा कल बारकाईने मांडला आहे. ब्रेडन किंग आणि जेरी किम यांच्या २०१४ च्या अभ्यासात ऑल-स्टार सामन्यांत निवड झालेल्या नामवंत पिचरना काठावरचे स्ट्राइक जास्त मिळतात असं आढळलं. नवख्याने तोच चेंडू तिथेच टाकला तर तो बॉल ठरण्याची शक्यता वाढते. कॅचर ग्लव्ह किती अलगद चौकटीकडे ओढतो यावरही निकाल फिरतो, आणि संघ या कौशल्याची किंमत मोजून कॅचर निवडू लागले. डॅनियल चेन, टोबियास मॉस्कोविट्झ आणि केली श्यू यांनी २०१६ मध्ये दाखवलं की नुकताच स्ट्राइक दिला असेल तर पंच पुढच्या काठावरच्या चेंडूला स्ट्राइक द्यायला कचरतो, जणू सलग दोन स्ट्राइक येणं त्याला अस्वाभाविक वाटतं. त्यांच्या अभ्यासात पंचांबरोबर अमेरिकेतले आश्रयाचे अर्ज निकाली काढणारे न्यायाधीश होते आणि भारतातल्या बँकांचे कर्जमंजुरी अधिकारीही होते. तिघांतही तीच सवय सापडली: लागोपाठ दोन होकार देताना हात अडखळतो. आपल्याकडच्या कर्ज मागणाऱ्याचा अर्ज आणि अमेरिकेतल्या पिचरचा चेंडू एकाच मानवी सवयीच्या तडाख्यात सापडावेत, हे वाचल्यावर पंचाला शिव्या देण्याचा उत्साह ओसरायला हवा. कारण ही सवय निर्णय देणाऱ्या कुणाचीही असू शकते. दुसरीकडे, तिची झळ मात्र ठरावीक माणसाला बसते. नवख्या पिचरचा चेंडू केवळ तो नवखा आहे म्हणून बॉल ठरत असेल, तर ती निव्वळ चूक न राहता त्याच्यावरचा अन्याय होते.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा असतो. मेजर लीगचे पंच आज ९४ टक्क्यांच्या आसपास निर्णय बरोबर देतात. मग एवढा गदारोळ कशाला? हा आकडा खरा आहे आणि कौतुकाचाही आहे. २०२२ च्या वर्ल्ड सीरिजच्या दुसऱ्या सामन्यात पॅट होबर्ग या पंचांनी १२९ पैकी १२९ निर्णय अचूक दिले होते. माणूस किती टोकाला पोचू शकतो याचा तो दाखला आहे. पण दीडशे निर्णयांतले सहा टक्के म्हणजे एका सामन्यात आठ-नऊ चुका. शिवाय प्लेटच्या मधोमध आलेला किंवा जमिनीवर आपटलेला चेंडू कुणालाही ओळखता येतो, आणि असे सोपे चेंडूच बहुसंख्य असतात. चुका साठतात त्या काठावर, आणि कसलेला पिचर मुद्दाम काठावरच मारा करतो. म्हणजे सरासरी ९४ टक्क्यांची असली तरी खेळ जिथे खरा खेळला जातो त्या पट्ट्यात अचूकता बरीच कमी असते. ज्या क्षणी पंचाची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी तो सर्वाधिक चुकतो, हे एका सरासरी आकड्यात दडून जातं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. मागे पडलेल्याला संशयाचा फायदा देणारा पंच लढत जिवंत ठेवतो, चेंडू ग्लव्हमध्ये हळुवार झेलणारा कॅचर एक कला जपतो, आणि हे सगळं पुसून टाकलं तर खेळ कोरडा होईल, असं अनेक जाणकार कळकळीने म्हणतात. कॅचरच्या कलेबद्दल मला आदर आहे. घोट्यांवर तोल सांभाळून तो वेगवान चेंडू ज्या नजाकतीने थोपवतो ते पाहण्यासारखंच असतं. पण त्या कलेचा एक भाग पंचाला फसवण्याचा आहे, आणि ज्याला फसवता येतं त्याला निवाड्याचं काम देऊन त्यातून निघालेल्या निकालाला परंपरा म्हणणं मला पटत नाही. दयेचं म्हणाल, तर लढत लांबवायची असेल तर नियमातच तशी तरतूद करावी, सर्वांना आधी कळेल अशी. न सांगता एकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या खिशातून जाते. तीन बॉलनंतर पिचरला मिळालेला स्ट्राइक बॅटरने चेंडू संयमाने सोडून कमावलेली चाल हिरावून घेतो.

आता लीगच्या जबाबदारीकडे येऊ. क्वेस्टेक ही कॅमेऱ्यांची यंत्रणा पंचांच्या मूल्यमापनासाठी २००१ मध्ये आली, पण काही निवडक मैदानांवरच. त्यामुळे कॅमेरे असलेल्या मैदानावर पंच पुस्तकी चौकटीजवळ राहत आणि नसलेल्या मैदानावर आपल्या जुन्या सवयीवर. पिचर वैतागले, २००३ मध्ये फिनिक्सच्या मैदानावर कर्ट शिलिंगने त्यातला एक कॅमेरा चक्क फोडला आणि दंड भरला. या असमान व्यवस्थेतून एक जळजळीत निष्कर्षही निघाला. २०११ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंच आणि पिचर एकाच वंशाचे असतील तर स्ट्राइक थोडे जास्त मिळतात असं दिसलं. पण जिथे क्वेस्टेकचे कॅमेरे होते तिथे हा फरक नाहीसा झाला. आपल्यावर नजर आहे हे कळताच जी चूक थांबते ती डोळ्याची नसते, आणि ती थांबवण्याचा उपाय लीगच्या हातात होता. पुढे २००७ पर्यंत पिच-एफएक्स आलं, प्रत्येक चेंडूची नोंद होऊ लागली, टीव्हीच्या पडद्यावर चौकट उमटू लागली. घरी बसलेल्या प्रेक्षकाला ती दिसत होती, सामन्यानंतर लीगच्या कार्यालयात ती तपासली जात होती. मैदानावर निर्णय देणाऱ्या माणसालाच ती दिसत नव्हती. मूल्यमापनातही चौकटीच्या कडेबाहेर दोन इंचांची सूट धरली जाई. ती पाऊण इंचावर आली २०२५ मध्ये. व्हिडिओ रिव्ह्यू २००८ मध्ये होमरनसाठी सुरू झाला आणि २०१४ मध्ये बेसवरच्या बहुतेक निर्णयांना लागू झाला, पण सामन्यात सर्वाधिक वेळा होणारा निर्णय त्यातून वगळला गेला. आणि नियम असा की बॉल-स्ट्राइकवर हुज्जत घालणाऱ्याला बाहेर काढता येतं. दाद मागायची सोय नाही आणि तक्रार करणं हा गुन्हा, अशा व्यवस्थेत राग साचणार नाही तर काय होईल?

मेजर लीगच्या ११ जणांच्या स्पर्धा समितीने सप्टेंबर २०२५ मध्ये जी पद्धत मंजूर केली तिचं बळ तिच्या साधेपणात आहे. निर्णय आधी पंचच देतो. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. चॅलेंज फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर घेऊ शकतो. त्याने लगेच टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटायचा. डगआउटमधून खूण चालत नाही. काही सेकंदांत चेंडूचा मार्ग मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर दिसतो. २०२५ च्या वसंत सराव सामन्यांत २८८ लढतींवर ही चाचणी झाली. एका सामन्यात सरासरी ४.१ चॅलेंज झाले, प्रत्येकाला १३.८ सेकंद लागले आणि ५२.२ टक्के निर्णय फिरले. या शेवटच्या आकड्याकडे थांबून पाहिलं पाहिजे. खेळाडू उगीच कांगावा करतात हे खरं असतं तर तो फार खाली राहिला असता. खेळाडूंचंच नेहमी खरं असतं असं म्हणावं तर तो फार वर गेला असता. काठावरच्या चेंडूवर पंच आणि खेळाडू दोघंही जवळपास सारखेच चुकतात, म्हणून दोघांच्या पलीकडचं माप हवं.

ते माप ठरवताना लीगला पहिल्यांदाच आपली चौकट आकड्यांत सांगावी लागली, आणि मला हा या सुधारणेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. रुंदी १७ इंच, वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर, आणि चेंडू प्लेटच्या मध्यावरून जाताना कुठे होता तेवढंच पाहायचं. ६ फूट ७ इंचांच्या ॲरन जजची चौकट या हिशेबाने जमिनीपासून साधारण २१ इंचांवर सुरू होते, ५ फूट ६ इंचांच्या होसे आल्टुवेची १८ इंचांच्या जरा खाली. कारकिर्दीच्या सुरुवातीपासून जजच्या गुडघ्याखालून जाणाऱ्या चेंडूंना स्ट्राइक मिळत आले, कारण पंचाचा डोळा सरासरी उंचीच्या बॅटरला सरावलेला असतो. आता उंची एकदा मोजली की वाद संपला. वाकून उभं राहून चौकट लहान करण्याची युक्तीही संपली.

यामागचं तंत्र भारतीय प्रेक्षकाच्या परिचयाचं आहे. हॉक-आय २००१ मध्ये इंग्लंडमध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणासाठी प्रथम वापरलं गेलं. डीआरएसची पहिली कसोटी चाचणी २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत झाली, आणि त्यानंतर भारतीय मंडळ अनेक वर्षं तिच्याविरुद्ध राहिलं; २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ते राजी झालं. क्रिकेटमध्ये पायचीतच्या काठावरच्या निर्णयाला ‘अंपायर्स कॉल’चं संरक्षण आहे आणि ते योग्य आहे, कारण तिथे पॅडला लागलेला चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज बांधायचा असतो. बेसबॉलमध्ये चेंडू प्लेटवरून प्रत्यक्ष गेलेला असतो. मोजायचा तो झालेला मार्ग. म्हणून इथे पंचाच्या बाजूने राखीव पट्टा ठेवायचं कारण उरत नाही. यंत्राची मोजणीही शंभर टक्के अचूक नसते, हे खरं. पण त्याची चूक इंचाच्या लहानशा अंशाची असते, आणि बॅटर कोण, पिचर किती नावाजलेला, आधीचा निर्णय काय होता, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

मग सगळेच निर्णय यंत्राकडे का देऊ नयेत? दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ पासून तेच केलं आहे. पंच कानातल्या यंत्रावर ऐकून निकाल पुकारतो. न्यायाच्या कसोटीवर त्या पद्धतीला नावं ठेवता येणार नाहीत. तरी आज मी चॅलेंजच्या बाजूने आहे. पंचाकडे निर्णयाचा पहिला अधिकार राहिला तर त्याचं कसब टिकतं. हे महत्त्वाचं आहे, कारण कॉलेजच्या, शाळेच्या आणि लहान गावांच्या बहुतेक मैदानांवर कॅमेरे येणार नाहीत आणि तिथे कसलेले पंचच लागणार आहेत. दुसरं म्हणजे चूक झाली असं ज्याला वाटतं त्यानेच पुढे येऊन ती सिद्ध करायची, त्यामुळे आरडाओरड्याची जागा तत्काळ पडताळणी घेते. दोन चॅलेंज मात्र मला अपुरे वाटतात. चौथ्या इनिंगपर्यंत ते संपले तर नवव्या इनिंगमधल्या नवख्या पिचरला पुन्हा जुन्याच चौकटीसमोर उभं राहावं लागेल, आणि उरलेलं चॅलेंज नामवंत खेळाडूसाठी राखून ठेवण्याचा मोह संघाला होईल. ही संख्या लीगने पहिल्या हंगामाच्या नोंदी पाहून वाढवावी, पाऊण इंचाची सूट मूल्यमापनातून काढून टाकावी, आणि प्रत्येक पंचाच्या काठावरच्या निर्णयांचा तक्ता हंगामाच्या शेवटी स्वतः जाहीर करावा, म्हणजे कुठे प्रशिक्षण हवं आणि कुठे निव्वळ शिवीगाळ चालली होती हे सर्वांना एकाच कागदावर दिसेल.